जवसाचं तेल: फोडणीला, चटणीवर की नुसतं चमच्यानं?

मंगळवार_पेठ
नमस्कार मंडळी. मिस्टरांच्या रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जरा वर आलंय. डॉक्टर म्हणाले गोळीची घाई नको, आधी तीन महिने खाणं सुधारा, ओमेगा-३, म्हणजे मासळीत असते ती चांगली चरबी, वाढवा. आमच्याकडे सासूबाई माळकरी, मासळी घरात येत नाही आणि येणारही नाही. नणंदेनं कुठल्याशा प्रदर्शनातून जवसाच्या तेलाची अर्धा लिटरची बाटली आणून दिली आहे. पारदर्शक प्लास्टिकची, वर नुसतं "शुद्ध जवस तेल" लिहिलेलं. सासूबाईंचं म्हणणं, तेल आहे तर फोडणीला वापर. नणंद म्हणते उपाशीपोटी दोन मोठे चमचे प्यायचं. मिस्टर म्हणतात वास बघूनच नको. कुणाचं ऐकू? बाटली अजून फोडलेली नाही.

लाकडी_घाणा
ताई, फोडलेली नाही ते बरं. आमचा घाणा आहे, शेंगदाणा, करडई, खोबरं, तीळ रोज चालतं. जवस मात्र गिऱ्हाईकानं सांगितलं तरच काढतो, त्याचं कारण सांगतो.

जवसाचं बी बारीक, चपटं, निसरडं. पाण्याचा हबका जरा जास्त झाला की चिकटून येतं आणि पेंड घाण्याला धरून बसते. शंभर किलो बियांत तेल चाळीसेक किलो असतं, पण लाकडी घाण्यात सगळं सुटत नाही, तिसाच्या आसपास हातात येतं. बाकी पेंडीत राहतं. म्हणून भाव चढा. कुणी शेंगतेलाच्या भावात जवसाचं तेल देत असेल तर चार प्रश्न विचारून घ्या.

दुसरं म्हणजे टिकत नाही. शेंगतेल डब्यात महिनोन् महिने राहतं. हे उजेड, हवा आणि उष्णता तिन्हीला घाबरतं. आम्ही तपकिरी काचेच्या छोट्या बाटलीत, गळ्यापर्यंत भरून देतो आणि घरी गेल्यावर फ्रीजमध्ये ठेवा म्हणून सांगतो. फोडल्यावर महिना-दीड महिन्यात संपवायचं. पारदर्शक बाटली प्रदर्शनाच्या मांडवात ट्यूबलाइटखाली किती दिवस उभी होती, देव जाणे. उघडा आणि आधी वास घ्या.

मंगळवार_पेठ
वास कसा यायला हवा?

लाकडी_घाणा
ताजं असेल तर भिजवलेल्या कडधान्यासारखा, किंचित सुक्या मेव्याकडं झुकणारा. रंग सोनेरी पिवळा. जिभेवर अगदी शेवटी हलका कडवटपणा चालतो. पण मासळीसारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला, घशाला खवखवलं, तर ते गेलंय. सरळ टाकून द्या, "एवढं महागाचं" म्हणून संपवत बसू नका.

तालीम_पोरगा
मी कोल्हापूरच्या गंगावेशीच्या तालमीत वाढलेला माणूस. आमच्यात खुराक म्हंजी तूप, बदाम, थंडाई आनि कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध. वस्तादांनी जवस कधी सांगितला न्हाई. आता जिममधली पोरं तेलाच्या कॅप्सुला गिळत्यात आनि म्हनत्यात मसल येतंय. खरं काय वो? तेलात प्रोटीन असतंय का?

पोषणवाली
दादा, तेलात प्रोटीन शून्य. शेंगतेल घ्या, जवसाचं घ्या नाहीतर साजूक तूप, सगळं चरबीच, ग्रॅमला ९ कॅलरी. दंड त्यानं फुगणार नाही.

मी आहारशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, सांभाळून घ्या.

जवसाच्या तेलात अर्ध्याहून जास्त भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो, थोडक्यात एएलए. हे वनस्पतींमधलं ओमेगा-३. शरीर ते स्वतः बनवू शकत नाही, खाण्यातूनच यावं लागतं. आपल्या घरात जी तेलं असतात त्यात ते फारसं नसतं. शेंगतेल आणि सूर्यफुलात जवळपास नाहीच, सोयाबीनमध्ये साधारण ७ टक्के, मोहरीच्या तेलात १० च्या आसपास. जवसात ५० ते ६०. एवढं दुसऱ्या कुठल्याच नेहमीच्या खाद्यतेलात मिळत नाही.

आता किती? अमेरिकेतल्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला १.६ ग्रॅम आणि बाईला १.१ ग्रॅम एएलए पुरतं. चहाच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलीत, जवळपास अडीच ग्रॅम येतं. म्हणजे नणंदबाईंचे दोन मोठे चमचे गरजेच्या कितीतरी पट झाले, वर अडीचशेच्या घरात कॅलरी. छोटा एक चमचा रोज, तोसुद्धा जेवणात, भरपूर झाला. उपाशीपोटी घेतल्यानं काही जादा पदरात पडत नाही, उलट काहींना मळमळतं नि पोट ढिलं होतं.

आणि तो चमचा घरातल्या दुसऱ्या तेला-तुपाच्या जागी यायला हवा. भाकरीवर तूप आहे तेवढंच, भाजीत तवंग आहे तेवढाच, आणि वर जवसाचं तेल, असं केलं तर वजन वाढेल आणि रिपोर्ट होता तिथंच राहील.

फोडणीचं विचारलंत. नको. न शुद्ध केलेलं जवसाचं तेल १०७ अंशांच्या आसपास धुरायला लागतं. मोहरी तडतडायला तेल जेवढं तापावं लागतं, त्याच्या कितीतरी आधी. ज्या आम्लासाठी तेल आणलं तेच बिघडतं आणि घरभर वास सुटतो तो वेगळाच. फोडणीला शेंगतेलच राहू दे.

मंगळवार_पेठ
मग एलडीएल उतरेल का? तेवढं सांगा.

पोषणवाली
तेलानं फारसं नाही. अभ्यासांमध्ये एलडीएल थोडंफार उतरलेलं दिसतं ते बी दळून खाल्लं तेव्हा. नुसत्या तेलानं तसा परिणाम दिसत नाही. बियांत १०० ग्रॅममागे २७ ग्रॅमच्या आसपास चोथा असतो, त्यातला काही पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारा. शिवाय लिग्नान नावाची द्रव्यं. घाण्यातून तेल निघालं की हे दोन्ही पेंडीत राहतात. म्हणजे घाणेवाले दादा गाईला पेंड देतात तेव्हा गाईची चंगळ.

कॅनडातला एक अभ्यास २०१३ मध्ये आला होता. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले ११० रुग्ण. निम्म्यांना रोज ३० ग्रॅम दळलेला जवस पाव, बिस्किटं असल्या पदार्थांतून दिला, बाकीच्यांना तसेच पदार्थ बिनजवसाचे. सहा महिन्यांनी जवसवाल्यांचा वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १० अंकांनी कमी भरला. तिथंही तेल नव्हतं, अख्ख्या बियांचं पीठ होतं.

तुमच्या मिस्टरांसाठी माझा कौल दळलेल्या जवसाला. बाटली चांगली निघाली तर वापरा, पण ती संपल्यावर पुन्हा आणायलाच पाहिजे असं नाही.

लाकडी_घाणा
माझ्या धंद्यावर पाय देताय की ताई 😀 पण खरं आहे. पेंड घ्यायला गवळी रांग लावतात. जवसाची पेंड म्हटलं की जनावर खूश.

गडहिंग्लज_कट्टा
आमच्याकडं सीमेवर जवसाला निम्मी माणसं अगसी म्हणतात, कानडी घरांत तर तेच. रब्बीत शाळूच्या कडेनं करडई आणि जवस पेरायची पद्धत, निळी फुलं आली की रान बघत राहावं. कुणी ओमेगा बिमेगा म्हणून पेरत नव्हतं. चटणी करायची म्हणून पेरायचे.

चटणी देतो. घरातल्या पद्धतीनं, काट्यावर मोजलेली नाही.

वाटीभर जवस निवडून घ्यायचा, बारीक खडे असतात. धुवायचा नाही, धुतला की बुळबुळ सुटते आणि मग काही होत नाही. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर टाकायचा आणि हात थांबवायचा नाही. आधी काही होत नाही, माणूस कंटाळतो आणि आच मोठी करतो. तिथंच घोळ. दम धरला की तड तड सुरू होतं, बी उड्या मारतं, रंग एक छटा गडद होतो. चार दाणे दाताखाली धरायचे, कुरकुरीत लागले की लगेच ताटात पसरायचा. कढईत राहिला तर बुडाच्या उष्णतेनंच करपतो आणि कडू होतो.

त्याच कढईत सुकं खोबरं चार तुकडे, जिरं, आठ-दहा लसणीच्या पाकळ्या सालासकट, थेंबभर तेलावर संकेश्वरी मिरची. रंगासाठी दोन ब्याडगी. सगळं पूर्ण गार होऊ द्यायचं. मग मीठ, चिंचेचं बोटभर बुटुक, गुळाचा एवढासा खडा. आपल्याकडचा गूळ असल्यावर जरा जास्तच पडतो, ते चालतं.

खलबत्ता असेल तर उत्तम. मिक्सरला एकदम फिरवलं की तेल सुटून लगदा होतो, म्हणून थांबत थांबत, भरड ठेवायची. शाळूची गरम भाकरी, चटणी, घट्ट दही आणि कांदा बुक्कीनं फोडलेला.

आता तुमची बाटली. चटणीत खड्डा करून शेंगतेल ओततो ना, त्या जागी जवसाचं तेल. चमचाभर. सासूबाईंना सांगू नका, ताटात वाढा नुसतं.

मंगळवार_पेठ
सासूबाईंना कळल्याशिवाय आमच्या घरात मीठसुद्धा हलत नाही 🙂 पण चटणी करते. भाजल्यावर ओमेगा-३ जात नाही का मग? तेल तापवायचं नाही म्हणालात ना.

पोषणवाली
प्रश्न बरोबर आहे. बी अख्खं असताना तेल आत कवचात असतं, हवा लागत नाही, आणि मंद भाजणं थोडक्यात संपतं. त्यात विशेष नुकसान होत नाही. सुटं तेल उघड्या कढईत तापवलं की उष्णता नि हवा दोन्ही एकदम. उलट भाजण्याचा फायदाच आहे. कच्च्या जवसात सायनाइड तयार करू शकणारी द्रव्यं थोडी असतात, ती उष्णतेनं कमी होतात. एक-दोन चमचे खाणाऱ्यानं घाबरायचं कारण नाही, पण कच्चा जवस मूठमूठ खाणारे असतात त्यांच्यासाठी सांगितलं.

अख्खा जवस गिळू नका. तसाच बाहेर पडतो. दळा किंवा चावून चावून खा. दळलेला मोठा चमचाभर, साधारण ७ ग्रॅम, त्यात दीड ग्रॅमच्या वर एएलए आणि दोनेक ग्रॅम चोथा. सोबत पाणी भरपूर, नाहीतर पोट साफ व्हायचं राहिलं बाजूला, आणखी गच्च होतं.

बांगडा_फ्राय
शाकाहारी मंडळींचा मान राखून बोलतो. आंब्याच्या घाटातून रत्नागिरीची मासळी गावात येते. बांगडा, तारली. त्यात तयार ईपीए, डीएचए, म्हणजे मासळीतली ओमेगा-३. जवसाचं ओमेगा-३ शरीराला आधी बदलून घ्यावं लागतं आणि त्यात माल गळतो, बरोबर ना पोषणवालीताई?

पोषणवाली
बरोबर. एएलएमधून ईपीए थोड्या टक्क्यांतच बनतं आणि डीएचए त्याहून फार कमी, पुरुषांत तर नगण्य. बायकांमध्ये जरा बरं. म्हणून "जवसाचं तेल म्हणजे शाकाहारी फिश ऑइल" ही जाहिरात फसवी आहे. रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी खूप वाढल्यावर डॉक्टर जे ओमेगा-३ देतात ते मासळीतलं, मोठ्या मात्रेत. त्याच्या जागी जवसाचं तेल चालत नाही. शाकाहारी माणसाला डीएचए हवंच असेल तर समुद्री शेवाळापासून काढलेलं तेल कॅप्सूलमध्ये मिळतं. मासळीसुद्धा ते शेवाळ खाणाऱ्या साखळीतूनच मिळवते.

पण एएलए स्वतःही गरजेचं आहे, त्याची फक्त कच्चा माल म्हणून किंमत करू नका. आणि बांगडा फ्राय म्हणजे नक्की किती तेलात, तेही एकदा लिहा.

बांगडा_फ्राय
त्या विषयावर मी मौन पाळतो.

कॅनव्हास
थोडं आडवं जातो, पण कामाचं आहे. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटरांच्या गावात चित्रकार कमी नाहीत, त्यामुळे रंगसाहित्याच्या दुकानात लिनसीड ऑइल हमखास मिळतं. हेच जवसाचं तेल. पण ते खायचं नाही. एका ओळखीच्या बाईंनी स्वस्त म्हणून तेच घेतलं होतं, दुकानदारानंच अडवलं. हार्डवेअरच्या दुकानात "बॉइल्ड" म्हणून मिळतं त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. ते तर पोटात जाताच कामा नये. क्रिकेटच्या बॅटीला चोळायचं तेही वेगळं ठेवा.

आम्हाला हे तेल का लागतं तेही सांगतो. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होतं, कॅनव्हासवर कातड्यासारखा थर धरतं. शेंगतेल कितीही दिवस ठेवा, असं वाळणार नाही. घाणेवाले म्हणतात टिकत नाही, आम्ही म्हणतो छान वाळतं, गोष्ट तीच. तुमच्या बाटलीच्या तोंडाशी चिकट पापुद्रा दिसला तर समजा आमच्या कामाचं झालं.

आणि हो, या तेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना गरम होतात आणि आपोआप पेटतात. स्टुडिओत आम्ही त्या पाण्यात बुडवून ठेवतो. स्वयंपाकघरात सांडलं आणि फडक्यानं पुसलं तर फडकं धुवून पसरून वाळवा.

निवृत्त_मास्तर
मला व्हॉट्सॲपवर आलेले पुढे देत आहे. जर्मनीच्या एका महान शास्त्रज्ञ बाईंनी जवसाचे तेल आणि पनीर एकत्र करून कॅन्सर मुळापासून बरा केला. औषध कंपन्यांनी हे दडपले. सर्वांना पाठवा.

पोषणवाली
सर, आदर ठेवून लिहिते. त्या बाई खऱ्या होत्या. योहाना बुडविग, चरबीच्या रसायनावर काम केलेल्या जर्मन शास्त्रज्ञ. १९५० च्या दशकात त्यांनी जवसाचं तेल आणि क्वार्क नावाचं चक्क्यासारखं दही असा आहार सुचवला. पण त्यानं कॅन्सर बरा होतो हे रुग्णांवरच्या नीट चाचण्यांत आजवर कुणी दाखवलेलं नाही. चक्क्यात चमचाभर तेल घालून खायला हरकत नाही, चवीला बरंही लागतं. उपचार सोडून खाल्लं तर जीव जाईल. तो मेसेज कृपया पुढं पाठवू नका. कुणाच्या तरी घरी खरोखर पेशंट असतो.

निवृत्त_मास्तर
ठीक आहे. आमच्या ग्रुपवर तुमचे उत्तर टाकतो. माझा स्वतःचा प्रश्न. स्टेंट बसवलेला आहे, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत. मी हे तेल घेऊ का?

पोषणवाली
तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. जास्त मात्रेत रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो आणि तुमच्या गोळ्यांचं कामही तेच. ऑपरेशन ठरलेलं असेल तर तेही सांगायचं. चटणी चिमूटभर जेवणात असेल तर वेगळी गोष्ट, पण रोजचा चमचा सुरू करण्याआधी विचारा. गरोदर बायकांनीही तेल आणि जवसाच्या कॅप्सूल स्वतःच्या मनानं सुरू करू नयेत. आणि ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी दळलेला जवस गोळ्यांबरोबर न घेता तासा-दोन तासांचं अंतर ठेवावं, चोथ्यामुळे औषध शोषायला अडथळा येतो.

तालीम_पोरगा
म्हंजी पैलवानानं काय करायचं? थंडाईत बदामाबरुबर दळून टाकला तर चालंल का?

पोषणवाली
चालेल, भाजून दळलेला चमचाभर. पण चिकटपणा सुटतो, थंडाई लगेच प्यायची. ठेवली तर लापशी होते.

तालीम_पोरगा
लापशी बी चालती आमास्नी.

मंगळवार_पेठ
बाटली उघडली. वास मासळीचा नाही, पण रंगाच्या डब्याकडं झुकणारा आहे असं मिस्टर म्हणतात, मला नक्की कळेना. सासूबाईंनी वास घेतला आणि एक शब्द न बोलता खिडकी उघडली. बाटलीवर तारीख नाही, परवाना क्रमांक नाही.

लाकडी_घाणा
निकाल लागला मग. सासूबाईंचं नाक प्रयोगशाळेच्या वरचं. पॅक केलेल्या खाण्याच्या तेलावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक आणि पॅकिंगची तारीख असायलाच पाहिजे. नुसतं "शुद्ध" लिहून भागत नाही. ते तेल लाकडी पाटाला चोळा. फडकं मात्र कॅनव्हासभाऊंनी सांगितलं तसं पसरून वाळवा.

गडहिंग्लज_कट्टा
नणंदेला काय सांगणार?

मंगळवार_पेठ
पाट चकाचक झाला म्हणून सांगणार 🙂 आता लक्ष्मीपुरीतून बीच आणते. किती आणू एका वेळी? पावसाळ्यात आमच्याकडं सगळ्याला दमट वास लागतो.

लाकडी_घाणा
बी अख्खं असेल तर घाबरू नका, कोरड्या बंद डब्यात महिनोन् महिने राहतं. पावसाळ्याआधी एकदा उन्हात टाकून घ्या. घेताना मूठभर हातात घेऊन बघा, चकाकतं बी घ्या. मळकट, सुरकुतलेलं नको. दोन दाणे चावून बघा, दुकानदार काही म्हणत नाही. दळायचं मात्र आठवड्यापुरतंच आणि फ्रीजमध्ये. चटणी घट्ट झाकणाच्या बरणीत पंधरा दिवस सहज जाते, आमच्या घरी तर चार दिवस पण राहत नाही.

तेल हवंच असेल तर दिवाळीनंतर सांगा, नवीन बी आलं की पाव लिटरच्या बाटल्या काढतो. आणि पेंड कुणाला लागणार असेल तर आधी कळवा, गवळी उरू देत नाहीत.

पोषणवाली
नवीन बी दिवाळीनंतर कुठलं दादा? रब्बीचं पीक ते, फेब्रुवारी-मार्चला निघतं.

लाकडी_घाणा
बी मार्चचंच. पण उन्हाळ्यात काढून ठेवलं तर तेल टिकत नाही, म्हणून थंडी पडल्यावर घाण्यात घालतो. गिऱ्हाईकाला तेच नवीन.

तालीम_पोरगा
पेंड मला बी दोन किलो ठेवा. आमची म्हस हाय घरात.